शांत घर विकणे आहे

हॉलच्या भिंतीवरची ओल माझ्या मते गेंड्यासारखी दिसते. मेघालीच्या मते माझ्या धाकट्या मामांसारखी.

भिवंडीत शुक्रवारी कुजबुजता येतं.

चित्रकलेच्या शिक्षकाला रंगातलं कळतं, असा समाजात एक समज आहे. तो पसरवण्यात माझाही हात आहे.

माझ्या बायकोशी बोलायचं असेल तर तिच्या उजव्या बाजूला उभं राहावं.

रिकामा लूम चालवू नये. आडवं सूत नेणारा धोटा उडतो.

घर बघायला आलेल्या माणसाला चहा द्यावा. सरबत दिलं की तो एका घोटात संपवून उठतो.

आता या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. २००६ सालच्या मे महिन्यात मीही दिवसभर हेच विचारत फिरत होतो. संबंध एवढाच, की मला घर विकायचं होतं.

घर कामतघरला, दुसऱ्या मजल्यावर. आत हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, बाहेर बाल्कनी. बाल्कनीच्या खाली, आमच्या भिंतीला पाठ लावून, अन्सारी साहेबांची लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड. हे शेवटचं वाक्य आधीच्या मालकाने आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही घर बघायला आलो तो शुक्रवार होता आणि शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. तो म्हणाला, "बघा, किती हवेशीर!" आणि मी हवा बघत राहिलो. ताबा घेतला शनिवारी. त्या दिवशी मी मेघालीला म्हणालो की आता हे आपलं खटाखट खटाखट खटाखट आणि ती म्हणाली, "काय?"

पुढची सगळी वर्षं आमचा संसार असाच झाला. मी म्हणायचो की शाळेत आज खटाखट खटाखट, ती म्हणायची की तुमच्या आईचा खटाखट खटाखट, आणि आम्ही दोघंही मान डोलवायचो. फळीवरची भांडी रोज थोडी थोडी सरकायची आणि आठवड्याने एखादं खाली यायचं. त्यावरून आम्हाला वार कळायचा. आमची ऋतिका बोलायला लागली तीच ओरडत. तिच्या बालवाडीच्या बाईंनी आम्हाला बोलावून विचारलं होतं, "घरी भांडणं होतात का?" मी म्हणालो, "छे हो, ऐकूच येत नाही, भांडणार कसं?"

इथवर विनोद होता. मग कानाच्या डॉक्टरांनी मेघालीचा डावा कान तपासला आणि तो गेल्याचं सांगितलं. जागा बदलली नाही तर उजवाही त्याच वाटेने जाईल, असंही म्हणाले.  मेघाली म्हणाली, "उजवा तरी राहू दे मला. तुमचं ऐकायला नव्हे हो, रेडिओ असतो दुपारचा."

कल्याणला खाडीच्या अंगाला एक घर मनासारखं मिळत होतं. तिथले मालक भले गृहस्थ. ते म्हणाले, शाळा सुरू होईपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, त्यानंतर दुसरी पार्टी तयार आहे. म्हणजे तोवर हे घर विकलं तर मेघालीचा कान वाचणार, नाहीतर नाही. चित्रकलेच्या शिक्षकावर एवढी जबाबदारी सहसा कोणी टाकत नाही.

*

एजंट म्हणून बाळाराम आला. मानकोलीचा. पूर्वी त्याची भातशेती होती. आता त्या शेतात गोदाम आहे आणि बाळारामकडे दोन मोबाइल. तो सोफ्यावर बसला, दोन्ही मोबाइल टीपॉयवर शेजारी शेजारी निजवले आणि म्हणाला, "सर, घर आनि हापूस मे महिन्यान काढायचा. जून लागला का दोनी नासतात."

"का बरं?"

"परीक्षा संपलेल्या असतात, लोक घरा बघत फिरतात. आनि दुसरा म्हंजे..." त्याने गेंड्याकडे बोट केलं. "याला झोप लागते. भिंत सुकते. पाऊस आला का ह्यो उठून गिऱ्हाइकाचे अंगाव येल. रंग मारून घ्या."

रंगाऱ्याला बोलावण्याची सूचना मी मानाने नाकारली. पंधरा वर्षं मी मुलांना रंगांची मिश्रणं शिकवतोय, माझी मुलं इंटरमिजिएटच्या परीक्षेत श्रेणी मिळवतात, आणि माझ्याच भिंतीला परका माणूस हात लावणार? मी पांढरा डबा आणला आणि त्यात मोजून पिवळा, चिमूटभर तांबडा घालून चंदनी छटा तयार केली. ओली असताना ती खरोखर चंदनी होती. मी मेघालीला बोलावून दाखवली, ऋतिकाला दाखवली, जिन्यातून जाणाऱ्या पोस्टमनलाही दाखवली.

मग ती वाळली.

तळमजल्यावरच्या बायजाबाई वर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी चारी भिंती पाहिल्या.

"मास्तर, यो रंग हाय का कावील?"

आपली कला लोकांना कळत नाही, हे प्रत्येक कलावंताला एकदा सोसावं लागतं. मी ते दुपारपर्यंत सोसलं. मग डब्यात थोडा निळा ओतला. पिवळ्यात निळा मिसळला की काय होतं, हे मी पाचवीच्या वर्गाला पहिल्याच तासाला शिकवतो. दुसरा हात मारून झाला तेव्हा आमचा हॉल शेवाळलेल्या विहिरीसारखा दिसत होता. एक मात्र झालं. गेंडा दिसेनासा झाला. आता सगळी भिंतच गेंडा होती, त्यात तो एकटा कुठून दिसणार.

*

आता वेळेचा प्रश्न. हा मी पूर्ण शास्त्रीय पद्धतीने सोडवला आणि पूर्ण शास्त्रीय पद्धतीने तोंडावर पडलो.

वीज असली की पंखा चालतो आणि लूमही चालतात. वीज गेली की लूम थांबतात आणि पंखाही थांबतो. म्हणजे गिऱ्हाईक एकतर गार हवेत बहिरं होणार, नाहीतर शांततेत उकडून निघणार. त्या उन्हाळ्यात भारनियमन इतकं होतं, की दोन्ही पर्याय दिवसातून अनेकदा उपलब्ध होते. मी शांतता निवडली. बाळारामला सांगितलं, पार्टी आणायची ती दुपारी, वीज गेली की लगेच.

पहिली पार्टी म्हणजे एक बँकेतले गृहस्थ. पांढराशुभ्र सदरा घालून सपत्नीक आले. मेघालीने त्यांना वर्तमानपत्राने वारा घालायला सुरुवात केली.

"शांतता काय आहे हो इथे!" ते म्हणाले.

"हीच तर गंमत आहे," मी म्हणालो.

 त्यांचा चेहरा हळूहळू माझ्या पहिल्या छटेचा झाला. त्यांना घेरी येत होती. मी त्यांना उठवून भिंतीशी टेकवलं आणि पाणी आणायला धावलो. माठ रिकामा होता, कारण वीज नव्हती, म्हणून पंप नव्हता, म्हणून पाणी नव्हतं. शेवटी त्यांना बायजाबाईंकडचं ताक पाजून रिक्षात बसवलं. त्यांच्या पाठीवर आमच्या हॉलचा बराचसा भाग निघून गेला होता. दुसरा हात अजून वाळला नव्हता. आता भिंतीवर माणसाच्या पाठीएवढा पिवळा ठसा उरला आणि त्याच्या मधोमध, झोपमोड झालेला, गेंडा.

"मग शुक्रवारी बोलवा की," मेघाली म्हणाली. "लूम बंद, पंखा चालू. आपल्याला नाही का फसवलं?"

पण शुक्रवारी घर दाखवायचं, हे कामतघरातल्या प्रत्येक मालकाने आपापल्या पूर्वीच्या मालकाकडून शिकलेलं होतं. शुक्रवारी बाळाराम लग्नातल्या भटजीसारखा या दारातून त्या दारात पळत असायचा. आणि लूम बंद म्हणून वीजवाल्यांनीही तारा ओढायची सगळी कामं शुक्रवारीच ठेवलेली. त्या शुक्रवारी आमच्याकडे जी पार्टी आली, तिने मेणबत्तीच्या उजेडात बाथरूम पाहिलं आणि नमस्कार केला. बाथरूमला केला, मला नाही.

शेवटी मी मान खाली घालून अन्सारी साहेबांकडे गेलो. साहेब शेडच्या दारात खाटेवर बसून कापडाचा तागा तपासत होते. मी ओरडून सांगितलं की गिऱ्हाईक येईल तेव्हा फक्त थोडा वेळ लूम खटाखट खटाखट. त्यांनी मला बाहेर गल्लीच्या टोकापर्यंत नेलं आणि म्हणाले, "अब बोलिए."

मी बोललो.

"मास्टरसाब, लूम कोई रेडियो है, जो कान मरोड़ दिया और बंद?" मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली. "सब्र कीजिए. लड़के गाँव जा रहे हैं, शादियों का मौसम है. आधी शेड तो कल ही ख़ाली हो जाएगी. फिर जितनी चाहे ख़ामोशी ले लीजिए. मुफ़्त."

*

आणि आधी अर्धे, मग सगळेच लूम थांबले.

वीज होती, पंखा फिरत होता, आणि खाली काही वाजत नव्हतं. आम्ही तिघं हॉलमध्ये उभे राहिलो. ऋतिका घाबरून ओरडली, "पप्पा, हा कसला आवाज?"

घड्याळाचा होता. लग्नात आलेलं घड्याळ. शुक्रवारी लूम बंद असले की लूमवरची पोरं गल्लीत क्रिकेट खेळायची, त्यामुळे ते टिकटिक करतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

मेघाली उजवा कान त्याच्याकडे करून बराच वेळ उभी होती. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात तिला सहज विचारलं, "अगं, माझा चष्मा कुठे आहे?"

तळमजल्यावरून बायजाबाई म्हणाल्या, "डोक्याव बगा!"

होता.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आम्ही बोलतो ते संबंध बिल्डिंगला ऐकू जातं. लूमच्या आडोशाने आम्ही वर्षानुवर्षं सगळं ओरडून बोललो होतो, आणि आता आडोसा गेला तरी आवाज खाली येईना. आमच्या घरातली कुजबुज म्हणजे इतर घरांतलं भांडण. ऋतिकाने अंघोळ केली नाही, मला शाळेत मुलं काय नावाने हाक मारतात, आणि सोसायटीचे सेक्रेटरी चांगदेव पाटील यांच्याविषयी माझं खरं मत काय आहे, हे सगळं दोन दिवसांत सार्वजनिक झालं.

यातलं शेवटचं महागात पडलं. घर विकायला सोसायटीची 'ना हरकत' लागते. मी चांगदेव पाटलांकडे गेलो तेव्हा ते नको इतके नम्र होते.

"देतो की सर. पण ना हरकत द्यायची म्हणजे कोणाची हरकत नाही ना, हे आधी बघायला नको? फळ्यावर सूचना लावतो."

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी कोणाला कधी हरकत विचारली नव्हती. त्यामुळे इतक्या वर्षांच्या साठून राहिलेल्या हरकती एकदम बाहेर पडल्या. ऋतिकाची सायकल जिन्यात असते. आमच्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या पापडांवर पडतं. पहिल्या मजल्यावरच्यांनी तर लिहिलं, 'सर शांत स्वभावाचे आहेत असं वाटत होतं. गेल्या सोमवारपासून वाटत नाही.' सर्वांत खाली सुवाच्य अक्षरात एक हरकत होती, 'सरांनी हॉलला दिलेला रंग.' अक्षर चांगदेव पाटलांचंच होतं. माझ्याच हस्ताक्षर-वर्गाला ते बसले होते.

"हे मिटलं की या," ते म्हणाले.

मी सायकल वर आणली, कुंड्या आत घेतल्या. स्वभावाचं आणि रंगाचं काय करावं ते सुचेना. मे संपत आला होता. कल्याणच्या मालकांचा फोन आला, "मग सर, काय म्हणताय?" मी म्हणालो, "होतंय, होतंय." हे सगळ्या बिल्डिंगने ऐकलं आणि सगळ्या बिल्डिंगला ते खोटं आहे हे माहीत होतं.

*

अशात बाळारामने दापोड्याची पार्टी आणली. लडकूशेठ आणि त्यांच्या पत्नी राहीबाई. लडकूशेठ म्हणजे भरदार माणूस, गळ्यात चेन, पायात कोल्हापुरी. पोराचं लग्न ठरलंय, त्याच्यासाठी शहरात जागा हवी, असं बाळारामने सांगितलेलं. हवा छान होती. पंखा फिरत होता. लूम गप्प. पिवळ्या ठशावर मी मुलांचं एक निसर्गचित्र टांगलं होतं. असा योग पुन्हा येणार नव्हता.

"शांत आहे की न्हाय?" मी म्हणालो. "पिन पडली तरी ऐकू येईल."

लडकूशेठ उगीच हसल्यासारखे हसले. "आसं?"

"दुपारी तर पाखरूसुद्धा ओरडत नाही."

"वरती कोन ऱ्हातात?"

"एक निवृत्त जोडपं. त्यांची पावलंसुद्धा वाजत नाहीत."

"खाली म्हातारी मानसा? परीक्षेची पोरा?"

"भरपूर!" मी उत्साहाने म्हणालो. "सगळे शांतताप्रिय. इथे कोणी मोठ्याने शिंकलं तरी लोक विचारायला येतात."

मी जितकी शांतता वाढवत होतो तितका लडकूशेठांचा चेहरा उतरत होता. राहीबाईंनी तर पदराने तोंड पुसून चपलांकडे बघायला सुरुवात केली. बाळाराम मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होता. मला वाटलं, 'आणखी बोला' म्हणतोय. मी म्हणालो, "स्मशानशांतता म्हणा ना."

लडकूशेठ उठायला लागले. मी त्यांना खांद्याला धरून बसवलं. "चहा घेतल्याशिवाय नाही!" आणि स्वयंपाकघरात धावलो.

मेघालीच्या उजव्या बाजूला उभा राहून मी कुजबुजलो, "त्यांना काहीतरी संशय आलाय."

"लूमचं बोलला नाहीत ना?" मेघाली कुजबुजली.

"नाही!"

"मुळीच बोलू नका! पोरं गावाहून आली की सुरू होतील, मग भांडी फळीवरून खाली येतात, ते तर अजिबात नको!"

"आणि ओल?"

"ओलीचं नावसुद्धा काढू नका! पावसात गेंडा परत येणार म्हणून सांगितलं तर कोण घेईल?"

हॉलमध्ये सोफा करकरला. खालून बायजाबाईंचा आवाज आला, "गेंडा कसला गो, मेघाली?"

मी आणि मेघाली एकमेकांकडे बघत राहिलो. चहा उतू गेला.

"मास्तर," बाहेरून लडकूशेठ म्हणाले, "जरा भाईर या."

मी गेलो. मागून मेघाली आली. हातात रिकामा ट्रे.

"हितं लूम हायत?"

खोटं बोलायचा विचार मी केला. पण माणूस किती तोंडांनी खोटं बोलणार? "हायत," मी म्हणालो.

"आवाज किती?"

मी काही म्हणायच्या आत मेघाली म्हणाली, "माझा डावा कान गेला."

लडकूशेठ सोफ्यावर पुन्हा बसले. देवाच्या दारात आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "राहे," ते बायकोला म्हणाले, "ऐकलास का?"

"आगो बाय माजे!" राहीबाई उठून मेघालीजवळ आल्या. तिची हनुवटी धरून डावा कान त्यांनी उजेडाकडे वळवून पाहिला, जणू तो बाहेरून कळणार होता. "आख्खा गेला? आमचे प्रितेशचे पन गेलेत थोडंथोडं. दोनी बाजूंनी."

मग सगळं बाहेर आलं. प्रितेशचा डीजेचा धंदा. हळदीला त्याच्यासारखा डीजे सगळ्या पंचक्रोशीत न्हाय. पण घरी स्पीकर तपासायला लावले की भावकी तक्रार करते. लग्न ठरलंय, नवी सून येणार, आणि पोराला अशी जागा पाहिजे की जिथे त्याने दिवसभर काही वाजवलं तरी कोणाला कळू नये. डीजेवाला म्हटलं की सोसायट्या दार लावतात, म्हणून लडकूशेठ एजंटलाही बोलले नव्हते.

"मास्तर, आदी सांगायचा ना, हितं कान जातो म्हनून!"

"म्हणजे तुम्ही..."

"घेतला आसता क!" आणि मग त्यांचे डोळे बारीक झाले. "पन मगाशी तुमी बोललात, पिन पडली तरी ऐकू येल. आता बोलता भांडी पडतात. खरा कंचा?"

"भांडी!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"मंग दाखवा चालू करून. पोराला घेऊन सांजचा येतू."

*

(इथे वाचकाने घटकाभर माझ्या जागी उभं राहावं. ज्या आवाजाला लपवण्यासाठी मी एक हॉल, एक बँकेतला माणूस आणि स्वतःची अब्रू खर्ची घातली होती, तोच आवाज आता मला संध्याकाळपर्यंत पैदा करायचा होता.)

"कल कहते थे बंद करो," अन्सारी साहेब म्हणाले, "आज कहते हैं चलाओ. मास्टरसाब, आप मकान बेच रहे हैं या मेरी आज़माइश कर रहे हैं?"

मी मेघालीच्या कानाचं सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"चलाने वाले कहाँ हैं? सब गोरखपुर, बस्ती में बारात में नाच रहे हैं. और ख़ाली लूम चलाऊँगा नहीं. धोटा उड़ेगा, किसी की आँख जाएगी. जिन पर ताना चढ़ा है, उतने चला लो. आदमी आप लाओ."

आदमी कुठून आणणार? मी बिल्डिंगमध्ये गेलो आणि जिन्यात उभा राहिलो. काही बोलायची गरज नव्हती. सगळ्यांनी सगळं ऐकलंच होतं. पहिल्या मजल्यावरचे आले. वरचं निवृत्त जोडपं आलं. बायजाबाई पदर खोचून आल्या आणि मला म्हणाल्या, "तुमी गेलात म्हंजे सुटलो, मास्तर." सर्वांत शेवटी चांगदेव पाटील आले.

"सर, तुमच्या घराची विक्री झाली तर हरकती आपोआप निकालात निघतात," ते म्हणाले. "तसा ठराव आहे."

असा ठराव नव्हता. पण मी त्यांच्याविषयीचं माझं मत त्या क्षणी बदललं, आणि मोठ्याने बदललं, म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं.

प्रत्येकाला एकेक लूम मिळाला. मला दारातला, तिथून मान वर केली की आमची बाल्कनी दिसायची. साहेब मधल्या वाटेत उभे. "दस्ता खींचो, और हाथ पीछे! धागा टूटे तो छूना मत, मुझे बुलाना!" वर आमच्या बाल्कनीत लडकूशेठ, राहीबाई, आणि केस उभे केलेला एक पोरगा, म्हणजे प्रितेश. साहेबांनी हात खाली केला.

माझा लूम तीन ठोके मारून थांबला. धागा तुटला होता. चांगदेवांचा मात्र सुरू झाला, बायजाबाईंचा झाला, निवृत्त काकांचा झाला, आणि मग त्या पत्र्याखाली तो जुना, ओळखीचा, दात हलवणारा गडगडाट उभा राहिला. चांगदेव काहीतरी ओरडत होते. खटाखट खटाखट. काकू हसत होत्या, बहुतेक. मेघाली शेडच्या दारात कानांवर हात ठेवून उभी होती. वर भिंतीला छाती लावून प्रितेश बापाला अंगठा वर करून 'मस्त' म्हणून खुणावत होता. आमच्या स्वयंपाकघरातून एक पातेलं खाली आलं असावं, कारण राहीबाईंनी टाळी वाजवली.

आणि वीज गेली.

लूम एकदम थांबले. पण राहीबाई थांबल्या नाहीत. लूमच्या वरताण ओरडून त्या नवऱ्याला जे सांगत होत्या, ते वाक्य शांततेत पुढे आलं.

"...घेऊन टाका! मास्तरला काय अक्कल न्हाय, कमीन देल!"

शेडमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हातातल्या तुटलेल्या धाग्याकडे बघत होतो. इतक्या वर्षांची नोकरी, इंटरमिजिएटच्या श्रेणी, सगळं त्या एका वाक्याखाली जाऊन बसलं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण दारातून मेघालीच ओरडली.

"अक्कल नाही ते खरं आहे हो! पण कमीत देणार नाही!"

वर बाल्कनीत राहीबाईंनी जीभ चावली. लडकूशेठ पोट धरून हसत होते.

मी मेघालीकडे बघितलं. "तुला ऐकू आलं?"

"अहो, आलं की," ती म्हणाली. "उजव्याने."

मग काय, दोन्हीकडचं लपवायचं सगळं चव्हाट्यावर आलेलं. अंधार व्हायच्या आत सगळं ठरलं, अन्सारी साहेबांच्या खाटेवर बसून. गेंड्याबद्दल लडकूशेठ म्हणाले, "तितं स्पीकर ठेवू. ते तापतात, त्यांना गारच लागते." हॉलचा रंग मात्र प्रितेशला आवडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे लाइट लावल्यावर तो भारी दिसणार होता. आयुष्यात माझ्या कलेला मिळालेली ती पहिली दाद. मी त्याला मिश्रणाचं प्रमाण सांगितलं.

शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही कल्याणला आलो. सामान उतरवून झाल्यावर ऋतिका मोठ्याने म्हणाली, "मम्मी, पाणी दे!" आणि समोरच्या फ्लॅटचं दार उघडून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांचा आमच्याशी घरोबा तेव्हापासूनचा.

एक गोष्ट मला मागाहून लडकूशेठांकडून कळली. एप्रिलच्या सुरुवातीला, बाळारामही आला नव्हता तेव्हा, बायजाबाईंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं, की आमच्या नात्यातला दापोड्याचा लडकू पोराच्या डीजेसाठी गोंगाटातलं घर शोधतोय, आणू का त्याला. लूम चालू होते. मला वाटलं, नेहमीसारखे सुके बोंबील देऊ का विचारतायत. मी हात जोडून म्हणालो, "नको मावशी, आज चतुर्थी आहे."